थंडीच्या दिवसांतील पतंगस्वारी

पतंग म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें संक्रांत उभी राहते. गच्चीवर जमलेलीं मुलें, हातांतील फिरकी, "ढील दे, ढील दे" हा आरडाओरडा आणि कापलेल्या पतंगामागें धांवणारी आळींतील सेना, हें दृश्य वाचकांपैकीं कोणास नवीन नाहीं. परंतु ज्या पतंगाविषयीं आम्ही आज लिहिणार आहों, तो माणसानें नुसता उडवावयाचा नसतो. तो माणसाला पाण्यावरून ओढीत नेतो. ह्या खेळास काइटसर्फिंग असें म्हणतात. पायांखालीं एक फळी, कमरेस हार्नेस नांवाचा रुंद व बळकट पट्टा, दोन्ही हातांत एक आडवी दांडी, आणि त्या दांडीपासून सुमारें २० ते २४ मीटर लांबीच्या दोरांवर उडणारा, एखाद्या लहानशा खोलीच्या जमिनीएवढा पतंग, इतकें ह्या खेळाचें साहित्य. वारा पतंगास ओढतो, पतंग माणसास ओढतो आणि माणूस फळीची कड पाण्यांत रोवून आपल्याला हव्या त्या दिशेस जातो.

हा विषय आमच्या वाचकांच्या घरांत कसा शिरला, असें कोणी विचारील. त्याचें कारण उघड आहे. आज आपल्या पुष्कळ घरांतील मुलेंमुली शिक्षणाकरितां किंवा नोकरीकरितां इंग्लंडांत आहेत. तिकडील विद्यापीठांचें वर्ष शरद ऋतूंत सुरू होतें. म्हणून येथून गेलेला विद्यार्थी बहुधा सप्टेंबरांत तेथें पोहोंचतो, आणि त्याला भेटणारा पहिला समुद्र हा थंडीकडे झुकलेला समुद्र असतो. सोबत्यांच्या संगतीनें तो किनाऱ्यावर जातो, आकाशांत रंगीबेरंगी पतंग पाहतो, आणि मग एके दिवशीं घरीं फोनवरून सांगतो कीं, "आई, मी पतंगावर समुद्रांत जाणार!" बाहेर पांच-दहा अंशांची थंडी, खालीं उत्तरेकडील समुद्र, आणि वर वारा. मातापितरांचें काळीज धस्स झालें तर त्यांत नवल नाहीं. अशा वेळीं "मुळींच जाऊं नकोस" हें एक उत्तर व "तुझें तूं पाहून घे" हें दुसरें. आमच्या मतें हीं दोन्ही उत्तरें सारखींच निरुपयोगी आहेत. थंडीच्या आरंभीं हा खेळ शिकण्यास सुरुवात करणें शक्य आहे, किंबहुना कांहीं बाबतींत तें सोयीचेंही आहे. परंतु त्याला एक अट आहे, आणि ती अट कपड्यांविषयीं नसून हातांविषयीं आहे. ती कोणती, हें समजण्यास आधीं ह्या पतंगाची ओळख करून घेतली पाहिजे.

पतंगाला गाडीस जुंपण्याची कल्पना एका शाळामास्तराची, हें नमूद करण्यांत आम्हांस विशेष संतोष वाटतो. इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं जॉर्ज पोकॉक नांवाचे एक शिक्षक होते. त्यांनीं १८२६ सालीं पतंगांनीं ओढावयाच्या गाडीचें पेटंट घेतलें. त्यांनीं आपल्या मुलीस खुर्चींत बसवून पतंगाच्या बळावर आकाशांत चढविलें होतें. ही मुलगी, मार्था, पुढें प्रसिद्ध क्रिकेटपटु डब्ल्यू. जी. ग्रेस ह्यांची माता झाली. त्यानंतर १९०३ सालच्या नोव्हेंबरांत, म्हणजे ऐन थंडीच्या तोंडावर, सॅम्युएल कोडी ह्या साहसी गृहस्थानें पतंगानें ओढलेल्या लहानशा नावेंतून कॅलेहून डोव्हरपर्यंत इंग्लिश खाडी ओलांडली. तरीही एक अडचण राहिलीच होती. पतंग पाण्यांत पडला कीं तो भिजून बसे व पुनः उठत नसे. ती अडचण फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतांतले ब्रूनो व डोमिनिक लगेन्यू ह्या बंधूंनीं दूर केली. ज्याच्या कडेला हवा भरलेली नळी असते, व म्हणून जो पाण्यावर तरंगतो आणि तेथून पुनः उडवितां येतो, अशा पतंगाचें पेटंट त्यांनीं १९८४ सालीं मागितलें. आजचा खेळ बहुतांशीं त्या शोधावर उभा आहे. पुढें २०२४ सालीं पॅरिस ऑलिंपिकांत ह्या खेळाच्या शर्यतींस प्रथमच स्थान मिळालें. त्या मार्सेय येथील समुद्रांत झाल्या, आणि स्त्रियांचें सुवर्णपदक ब्रिटनच्या एली ऑल्ड्रिज हिनें मिळविलें. तात्पर्य, हा कांहीं उनाड पोरांचा चाळा राहिलेला नाहीं.

आतां पतंगाचें वागणें कसें असतें तें पाहूं. वाऱ्याकडे पाठ करून उभें राहिलें असतां आपल्यासमोर पाव गोलाएवढी एक पोकळी आहे अशी कल्पना करावी. पतंग ह्या पोकळीच्या पृष्ठभागावर कोठेंही फिरूं शकतो. तो बरोबर डोक्यावर किंवा अगदीं डाव्या-उजव्या कडेला असला म्हणजे त्याची ओढ थोडी असते. परंतु तो समोर, वाऱ्याच्या ऐन प्रवाहांत आला, कीं तीच ओढ एकदम वाढते. नवशिक्यास फरफटत नेणारा पतंग बहुधा तेथेंच आलेला असतो. दुसरी गोष्ट दांडीची. दांडी आपल्याकडे ओढली कीं पतंगाचें बळ वाढतें. ती दूर सोडली कीं बळ कमी होतें. संक्रांतीच्या पतंगास आपण जी ढील देतों, तिचेंच हें मोठें रूप. गंमत अशी कीं, घाबरलेला मनुष्य स्वभावतःच हातांतील वस्तु घट्ट धरून छातीशीं ओढतो. येथें त्यानें तसें केलें, तर ज्याला तो भ्याला आहे त्याचेंच बळ तो वाढवितो! म्हणून ह्या खेळांतील पहिला धडा चालण्याचा नव्हे, उडण्याचाही नव्हे, तर सोडण्याचा आहे. दांडी सोडली तरी पतंग आटोक्यांत आला नाहीं, तर हार्नेसजवळ एक कळ असते. ती दूर ढकलली कीं पतंगाचें बळ नाहींसें होऊन तो एकाच दोरावर लोंबकळत राहतो. तेवढ्यानेंही काम भागलें नाहीं, तर त्या शेवटच्या दोराचीही कळ असते. ती सोडली कीं पतंगाचा व आपला संबंध संपला. पहिली, दुसरी व तिसरी अशा ह्या तीन पायऱ्या मुखोद्गत नव्हे, हस्तगत झाल्या पाहिजेत. विद्यार्थ्याला वर्णमाला येण्यापूर्वीं वाचन देऊं नये. तद्वत् ह्या पायऱ्या येण्यापूर्वीं नवशिक्यास पाणी देऊं नये.

संस्कृतांत पत् ह्या धातूचे उडणें व पडणें असे दोन्ही अर्थ होतात, आणि त्याच धातूपासून पतंग हा शब्द झाला आहे. पक्षी हाही पतंग, आणि दिव्यावर झेंप घेणारा किडाही पतंग. ह्या खेळांत आपण दोहोंपैकीं कोणता पतंग व्हावयाचें, हें वरील तीन पायऱ्यांवर अवलंबून आहे.

आतां मूळ प्रश्न. थंडींत सुरुवात कां करावी? ह्याचें पहिलें कारण असें कीं, समुद्र हा मोठा मंदगति आहे. उन्हाळाभर तो हळूहळू तापतो व हिवाळाभर हळूहळू निवतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पाणी सर्वांत उबदार असतें तें जूनमध्यें नव्हे, तर ऑगस्टच्या अखेरीस व सप्टेंबरांत. त्या वेळीं तें १७-१८ अंशांच्या आसपास असतें. नोव्हेंबरच्या मध्यास तें १२-१३ अंशांवर येतें, आणि खरें गारठतें तें फेब्रुवारी-मार्चांत. तेव्हां तें ८-९ अंशांपर्यंत उतरतें. म्हणजे झाडांचीं पानें गळूं लागलीं व लोक गरम कोट घालूं लागले, तरी समुद्र मात्र अद्याप मे महिन्यांतल्यापेक्षां उबदारच असतो. उलट मार्च-एप्रिलचें कोंवळें ऊन पाहून जो पाण्यांत उतरतो, तो वर्षांतील अगदीं थंड पाण्यांत उतरत असतो. दुसरें कारण, शरद ऋतूंत अटलांटिक महासागरावरून वारे अधिक वेळां येतात. शिकणाऱ्यास वाऱ्याची वाट पाहत आठवडेच्या आठवडे बसावें लागत नाहीं. तिसरें, उन्हाळ्यांत स्नान करणाऱ्यांनीं गजबजलेला किनारा ह्या दिवसांत मोकळा असतो. नवशिक्याचा पतंग एखाद्याच्या डोक्यावर पडण्याची भीति त्यामुळें पुष्कळ कमी होते.

यास्तव आमचें मत असें कीं, सप्टेंबर ते नोव्हेंबरचा मध्य हा आरंभास योग्य काळ होय. डिसेंबर ते मार्च हा काळ ज्यांनीं आधीं शिकून घेतलें आहे त्यांचा. नवशिक्यानें त्या दिवसांत कोरड्या वाळूवर दोन-तीन चौरस मीटरांचा लहान पतंग उडवून हात बसवावा, हें उत्तम.

थंडीनें काय होतें, हें आतां नीट समजून घेतलें पाहिजे. कारण पुष्कळ लोकांची कल्पना अशी असते कीं, थंड पाण्यांत मनुष्य गोठून मरतो. गोठणें ही फार मागाहूनची गोष्ट आहे. पाणी हवेच्या मानानें शरीराची उष्णता सुमारें पंचवीस पट वेगानें काढून नेतें. सुमारें १५ अंशांखालील पाण्यांत एकदम पडलें असतां पहिल्या क्षणींच आपोआप मोठा श्वास आंत ओढला जातो, धाप लागते व नाडी धांवूं लागते. त्याच क्षणीं तोंड पाण्याखालीं असेल तर पाणी आंत जातें. हा धक्का एक-दीड मिनिटांत ओसरतो. तेवढा वेळ हातपाय न मारतां पाठीवर तरंगत राहावें, असें ब्रिटनांतील जीवरक्षक नौकांची जी जुनी संस्था १८२४ पासून काम करीत आहे ती सांगते. त्यानंतर पाळी येते ती हातांची. शरीर हें मोठें हिशेबी आहे. हृदय व मेंदू ह्यांस ऊब पुरावी म्हणून तें हातापायांचें रक्त आंत ओढून घेतें. बोटें आधीं दुखतात, मग बधिर होतात, आणि शेवटीं ऐकेनाशीं होतात. कॅनडांतील प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट ह्यांनीं बर्फासारख्या पाण्याविषयीं एक सूत्र सांगितलें आहे: श्वास सांवरण्यास एक मिनिट, हातापायांनीं उपयोगाचें काम करण्यास दहा मिनिटें, आणि शुद्ध हरपण्यापूर्वीं एक तास. म्हणजे मनुष्य जिवंत असतो, शुद्धीवर असतो, त्याला काय करावयाचें तें कळतही असतें; फक्त हात चालत नाहींत.

वाचकांच्या आतां लक्षांत आलें असेल कीं, आम्ही कोणत्या अटीविषयीं बोलत होतों. ह्या खेळांत जीव वांचविणारी वस्तु म्हणजे ती कळ. ती कळ हातांनीं सोडावयाची. आणि थंडी सर्वांत आधीं हल्ला करते ती हातांवर. पाण्याचा पोशाख चांगला असला म्हणजे छाती उबदार राहते, उत्साह कायम राहतो, आणि "आणखी एक फेरी" असें मन म्हणूं लागतें. परंतु मनाला ऊब आहे म्हणून बोटांनाही आहे, असें समजूं नये. म्हणून नियम असा: बाहेर येण्याची वेळ अंग ठरवीत नाहीं, बोटें ठरवितात. अंगठ्यानें करंगळीस सहज स्पर्श करतां येईनासा झाला, कीं त्याच क्षणीं किनारा गांठावा. आरंभीं तर पाऊण तासाहून अधिक वेळ सलग पाण्यांत राहूंच नये. माणूस निष्कारण चिडूं लागला, शब्द अडखळूं लागले, पाय ठेंचकाळूं लागले, तर थंडी मेंदूपर्यंत पोहोंचूं लागली असें सोबत्यानें जाणावें. हें ज्याला होतें त्याला स्वतःला कळत नाहीं. म्हणूनच एकट्यानें कधीं जाऊं नये.

पोशाखाविषयीं थोडें सांगतों. वेटसूट हा निओप्रीन नांवाच्या स्पंजासारख्या रबराचा असतो. ह्या रबरांत वायूचे असंख्य बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. ते उष्णता बाहेर जाऊं देत नाहींत. आंत शिरलेलें थोडें पाणी अंगाच्या उबेनें तापतें. शरद ऋतूंत छातीवर ५ मिलिमीटर व हातापायांवर थोडा पातळ असा वेटसूट चालतो. पायांत त्याच जातीचे बूट व डोक्यास टोपी असावी. वेटसूट अंगास घट्ट बसला पाहिजे. सैल असल्यास थंड पाणी सारखें आंत-बाहेर करतें व सारा खर्च व्यर्थ जातो. हातमोज्यांची मात्र एक अडचण आहे. जाड मोज्यांनीं दांडी धरतांना मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायु लवकर थकतात, आणि कळ चाचपडतां येत नाहीं. तेव्हां मोजे घालूं नयेत असें नव्हे, तर जे मोजे घालून पाण्यांत जावयाचें तेच मोजे घालून किनाऱ्यावर, डोळे मिटून, कळ दहा वेळां सोडून पाहावी. ती एकदांही चुकली, तर त्या दिवशीं पाणी नाहीं. ह्याशिवाय डोक्यास शिरस्त्राण व अंगांत तरंगविणारें जाकीट हीं अवश्य असावींत. बाहेर आल्यावर ओल्या पोशाखानिशीं वाऱ्यांत गप्पा मारीत उभें राहणें, हें पाण्यांत राहण्याइतकेंच वाईट. हवा ५ अंशांची असून वारा ताशीं ३७ किलोमीटरांचा, म्हणजे सुमारें २० नॉटांचा असला, तर उघड्या त्वचेस ती शून्यासारखी झोंबते. जाड वारारोधक डगला वरून घालावा, लौकर कोरडे कपडे चढवावे आणि गरम चहा किंवा दूध घ्यावें. मद्यानें ऊब येते ही समजूत खोटी आहे. त्यानें त्वचेकडील रक्त वाढून उलट उष्णता बाहेर जाते.

थंडीपेक्षांही वाऱ्याचें गणित अधिक सांभाळावयाचें असतें. थंड हवा जड असते हें खरें. शून्य अंशांची हवा वीस अंशांच्या हवेपेक्षां सुमारें सात टक्के दाट असते, आणि पतंगाची ओढही तितकीच वाढते. परंतु वाऱ्याचा वेग वाढला तर ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वारा १५ नॉटांचा २० झाला, तर ओढ तिसऱ्या हिश्श्यानें नव्हे, तर जवळ जवळ पाऊणपटीनें वाढते. तो दुप्पट झाला तर चौपट. शरद ऋतूंतील वारे पुष्कळ असतात, तसे ते लहरीही असतात. काळा ढग पावसासह जवळ येऊं लागला कीं त्याच्या पुढें वाऱ्याचा झोत येतो. तो ढग डोक्यावर येण्यापूर्वीं पतंग जमिनीवर असला पाहिजे. नवशिक्यानें १२ ते १८ नॉटांच्या स्थिर वाऱ्यांतच शिकावें. वारा किनाऱ्यास समांतर किंवा तिरका किनाऱ्याकडे येणारा असावा. किनाऱ्यावरून समुद्राकडे जाणारा वारा कितीही मंद व गोड वाटला, तरी त्या दिवशीं घरीं बसून पुस्तक वाचावें. कारण तो माणसास जेथें नेतो तेथून तो परत आणीत नाहीं.

शिकण्याची जागा कोणती? जेथें पाणी कमरेइतकें आहे, ती. इंग्लंडच्या दक्षिणेस पूल नांवाचें मोठें नैसर्गिक बंदर आहे. त्याचा बराचसा भाग इतका उथळ आहे कीं पडलेला मनुष्य सहज उभा राहूं शकतो. म्हणून तेथें शिकविण्याची सोय फार दिवसांची आहे. पूर्वेकडे कॅम्बर येथें वाळूचा विस्तीर्ण किनारा आहे. परंतु तेथें भरती-ओहोटीची वेळ पाहिल्यावांचून जाऊं नये. शिक्षक मात्र ब्रिटिश काइटस्पोर्ट्स असोसिएशनसारख्या संस्थेनें मान्य केलेला असावा. ह्या संस्थेच्या सभासदास आपल्या हातून दुसऱ्याची हानि झाल्यास विम्याचें संरक्षणही मिळतें. मित्रानें मित्रास शिकवावें हा प्रकार येथें कामाचा नाहीं. क्रमही ठरलेला आहे: प्रथम वाळूवर लहान पतंग, मग मोठा पतंग उभारणें, उतरविणें व सोडणें, मग फळीशिवाय, पतंगाच्या ओढीनें पाण्यांतून शरीर नेणें, मग पाण्यांत पडलेला पतंग पुनः उठविणें, आणि सर्वांच्या शेवटीं फळी. उतावळ्यांना हा क्रम कंटाळवाणा वाटतो. परंतु चाळीस वर्षें वर्गांत काढल्यावर आमचा असा पक्का समज झाला आहे कीं, पाया घालतांना जो कंटाळतो, तोच पुढें छत गळतें म्हणून रडतो. शिवाय डिसेंबरांत तिकडे दिवस जेमतेम आठ तासांचा असतो आणि सूर्य चारच्या सुमारास मावळतो. म्हणून दुपारीं दोननंतर पाण्यांत उतरूंच नये. अडचण आल्यास ९९९ ह्या क्रमांकावर तटरक्षक दलास बोलवावें, हें बरोबरच्या प्रत्येकास ठाऊक असावें.

ज्यांना हें सारें फार वाटतें, त्यांना आपल्याच देशांतील एक सोपी वाट सांगतों. तामिळनाडूंत रामेश्वराच्या परिसरांत हिवाळ्यांत ईशान्येचा वारा वाहतो, पाणी उथळ व उबदार असतें, आणि तेथें हा खेळ शिकवितातही. सुटींत घरीं आलेल्या मुलानें पहिले धडे तेथें घेतले, तर थंडी हा एक शत्रु कमी होतो. मग राहतो फक्त वारा. सोडण्याची विद्या तेथें उबदार हातांनीं शिकून घ्यावी व मग इंग्लंडांत ती मोजे घातलेल्या हातांनीं पुनः गिरवावी.

मातापितरांनीं काय करावें, ह्याचें उत्तर देऊन हा लेख संपवितों. इतक्या दुरून मुलांस बांधून ठेवतां येत नाहीं, आणि बांधून ठेवावें असा हा खेळही नाहीं; तो निर्भयपणा, निसर्गाचें वाचन आणि संयम हीं तिन्ही शिकवितो. म्हणून फोन आला म्हणजे "नको रे बाबा" असें म्हणण्याऐवजीं शांतपणें तीन प्रश्न विचारावे. बरोबर कोण होतें? वारा कोणीकडून कोणीकडे होता? आणि मोजे घालून, डोळे मिटून कळ सोडून पाहिलीस का? ह्या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें न अडखळतां आलीं, तर त्या रात्रीं खुशाल स्वस्थ झोंपावें. एखादें उत्तर अडखळलें, तर रागावूं नये. "पुढच्या खेपेस तें आधीं करून ये, मग मला फोन कर" एवढेंच सांगावें.